इंजिनाच्या पोटातले आकडे

रेल्वेचे इंजिन वर्डपॅडमध्ये उघडून वाचता येते असे कुणाला सांगितले, की तो आधी आपल्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतो. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या नादी लागलेल्यांना मात्र त्यात काही नवल वाटत नाही. २००१ साली आलेला हा खेळ इंग्लंडमधल्या कुजू या कंपनीने बनवला होता. त्यात सहा मार्ग होते: अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकहून निघून डोंगरात चढत जाणारा एक. भारताचा पत्ता नव्हता. तरी पुढे त्यात आपले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन धावले, डब्ल्यूएपी-४ हे विजेवरचे धावले, त्यांच्यामागे निळे आयसीएफ डबे लागले. हे सगळे हौशी लोकांनी केले. कॉलेजातली पोरे, बँकेतले नोकरदार, रात्री जेवणे झाल्यावर संगणकापुढे बसणारे बाबा. त्यांना हे शिकवायला कुणी गुरू नव्हता. त्यांनी दुसऱ्यांची इंजिने उघडून पाहिली आणि पाहता पाहता शिकले.

उघडायचे अवजार खेळाबरोबरच यायचे, पण सहजी नजरेला पडणार नाही अशा बेताने. युटिल्स नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात एफएफएडिट नावाचा दुसरा आणि त्यात एफएफएडिटसी-युनिकोड अशा लांबलचक नावाची एक छोटी एक्झी फाइल. तिला ना खिडकी, ना बटणे. काळ्या पडद्यावर फाइलीचे नाव टाइप करायचे, कॉम्प्रेस, म्हणजे दाबायची, की अनकॉम्प्रेस, म्हणजे मोकळी करायची, ते सांगायचे आणि एंटर दाबायचे. पुढे हौशी मंडळींनीच याच कामासाठी बटणांची, माउसने चालणारी अवजारे केली. शेप फाइल मॅनेजर आणि रूट रायटर ही नावे या वर्तुळात घरातल्यासारखी घेतली जातात. पण मला ते पहिले, तोंडाने न बोलणारे अवजारच जास्त आवडते. त्याच्या शेजारी त्याच फोल्डरात बीएनएफ जातीच्या काही साध्या मजकुराच्या फाइली असत. त्यांत कोणत्या शब्दानंतर काय येऊ शकते, कंसात किती आकडे हवेत, याचे नियम लिहिलेले होते. थोडक्यात खेळाच्या फाइलींचे व्याकरणच. नियम लिहायची ही पद्धत जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावाने ओळखली जाते. १९६७ साली पीटर इंगरमन नावाच्या संगणकतज्ज्ञाने तिला पाणिनीचे नाव द्यावे अशी सूचना केली होती, कारण असे काम पाणिनीने कितीतरी आधी करून ठेवले होते. सूचना काही रुजली नाही. रेल्वेच्या खेळात अष्टाध्यायीचा लांबचा नातेवाईक भेटतो, एवढे समाधान मात्र आपल्याला मिळते.

या खेळात इंजिन, डबा, सिग्नल, स्टेशनाची इमारत, कडेचे झाड, प्रत्येकाची एक शेप फाइल असते. ती तशीच उघडली तर सुरुवातीला रोमन लिपीत ‘सिमिसा’ ही सहा अक्षरे दिसतात, मग एक @, मग एफ. त्यानंतर चार बाइटांत एक आकडा असतो. फाइल मोकळी केली तर ती किती मोठी होईल ते त्यात आधीच लिहून ठेवलेले असते. पुढे आणखी चार @ आणि मग नुसता गोंधळ: चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, कुठल्या कुठल्या भाषांमधली अक्षरे. हीच फाइल अनकॉम्प्रेस केली की ‘सिमिसा’नंतर ओळीने दहा @ उभे राहतात, एफ निघून जातो आणि पुढच्या खुणेत टेक्स्टचा टी येतो. दाबलेल्या फाइलीच्या पोटात त्या जागी बायनरीचा बी असतो. त्याखाली जे सुरू होते ते इंजिन.

माझा भाचा डोंबिवलीचा. लोकल त्याच्या रक्तातच आहे. सुट्टीत आला होता तेव्हा मी त्याला अशी एक फाइल उघडून दाखवली. तो बराच वेळ खाली खाली जात राहिला.

“मामा, यात इंजिन कुठंय?”

“हे काय, हेच.”

“हे तर नुसते आकडे आहेत.”

“मग तुला काय वाटलं, आत डिझेल असेल?”

आकडेच असतात. ‘पॉइंट’ हा शब्द, कंस, आणि आत तीन संख्या: डावी-उजवी, वर-खाली, पुढे-मागे. सगळे मीटरमध्ये. असे हजारो बिंदू एकाखाली एक. मग रंगाचे चित्र कुठल्या कोपऱ्यावर कसे चिकटवायचे त्या संख्या, मग पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते सांगणाऱ्या संख्या, मग चित्रांच्या एसीई फाइलींची नावे. शेवटी कोणते तीन बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो त्याच्या याद्या. पण यादी वाचण्यासारखी होते ती ‘मॅट्रिसेस’ या भागात. तिथे सुट्या भागांची नावे असतात. मेन म्हणजे सांगाडा. बोगी-एक, बोगी-दोन. मग व्हील्स-अकरा, बारा, तेरा आणि एकवीस, बावीस, तेवीस. पहिला आकडा बोगीचा, दुसरा चाकाचा. डब्ल्यूडीएम-२ ला प्रत्येक बोगीत तीन आस, म्हणून सहा नावे. आयसीएफ डब्याला चारच. प्रत्येक नावापुढे बारा संख्या असतात. पहिल्या नऊ त्या भागाचे तोंड कुठे आहे ते सांगतात आणि शेवटच्या तीन त्याची जागा. चाकाला ‘व्हील्स’ने सुरू होणारे ठरीव नाव दिले की खेळ त्याला आपोआप फिरवतो. वेगळे काही सांगावे लागत नाही.

आता एक जवळचे उदाहरण देतो. डब्ल्यूडीएम-२ हे मूळ अमेरिकेतल्या ॲल्को कंपनीचे इंजिन. १९६२ मध्ये ते भारतात आले, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले आणि पुढची कित्येक वर्षे देशभरच्या गाड्या त्यानेच ओढल्या. त्याच्या बोगीतले तीन आस सारख्या अंतरावर नाहीत. ट्रॅक्शन मोटरी बसवायच्या म्हणून मधला आस एका बाजूला सरकलेला असतो. फलाटावर उभे राहून नुसते बघणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही, पण ज्याने एकदा पाहिले त्याला दुसरे काही दिसत नाही. एक फुकट मिळालेले मॉडेल माझ्याकडे होते. रंग सुरेख, केबिनच्या खिडक्या बरोबर, बोगीच्या बाजूच्या चौकटीवर ॲक्सलबॉक्सही जिथल्या तिथे. चाके मात्र तिन्ही सारख्या अंतरावर. बनवणाऱ्याने ती बहुधा दुसऱ्या एखाद्या इंजिनावरून उचलली असावीत. फाइल मोकळी केली, व्हील्स-बारापुढच्या शेवटच्या संख्येत थोडासा फरक केला, तसाच मागच्या बोगीत बावीसला. सेव्ह केली, पुन्हा कॉम्प्रेस केली आणि गाडी रुळावर आणली. मधले चाक आपल्या ॲक्सलबॉक्सखाली जाऊन बसले. अख्ख्या कामात कीबोर्डवरची दहाबारा बटणे दाबली असतील. पण बाहेरून नुसते पाहणारा आणि आत हात घालणारा यांच्यातली भिंत तेवढ्यात पडते.

सेव्ह करतानाची एक खोच मात्र सगळ्यांना माहीत असते. हा मजकूर युनिकोडमध्येच साठवावा लागतो. साध्या मजकुरात सेव्ह केला तर खेळ ती फाइल ओळखतच नाही. युनिकोडच्या या प्रकारात प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागतात. म्हणजे १.४३५ ही छोटी संख्या दशांशचिन्ह धरून दहा बाइट खाते. त्यात हजारो बिंदू आणि प्रत्येकाच्या आधी ‘पॉइंट’ हा शब्द. चांगले तपशीलवार इंजिन मोकळे केले की कित्येक एमबींचे होते, आणि दाबले की त्याच्या एका लहानशा अंशावर येते.

दाबणे दोन टप्प्यांत होते. पहिल्यात मजकुराची बायनरी होते. ‘पॉइंट’, ‘मॅट्रिक्स’ अशा प्रत्येक शब्दाला एक ठरलेला क्रमांक असतो. शब्द जाऊन क्रमांक येतो आणि १.४३५ चे दहा बाइट जाऊन चार बाइटांची संख्या येते. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. दुसऱ्या टप्प्यात झेडलिब नावाची पद्धत कामाला लागते. जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी ती १९९५ मध्ये जगासाठी खुली केली. तिच्या मुळाशी दोन जुन्या कल्पना आहेत. पहिली १९७७ मधली, अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव यांची. एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल तर पुन्हा लिहू नका, ‘इतके मागे जा, इतके उचला’ एवढेच लिहा. शाळेच्या हजेरीपटावर गुरुजी एकाखाली एक त्याच गावाचे नाव लिहायचा कंटाळा करून दोन छोट्या रेघा ओढत, त्यातलाच हा प्रकार. झेडलिब ३२ केबीपर्यंत मागे वळून पाहते, त्यापलीकडचे तिला आठवत नाही. दुसरी कल्पना डेव्हिड हफमनची. जे चिन्ह वारंवार येते त्याला छोटा संकेत द्यायचा आणि क्वचित येणाऱ्याला लांब. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही युक्ती त्याला विद्यार्थी असताना वर्गातल्या एका निबंधासाठी सुचली होती. परीक्षा चुकवायला केलेला उद्योग पुढे जगभरच्या फाइलींच्या उपयोगी पडला, असे क्वचितच घडते.

पण आपण फाइल उतरवून घेताना ती झिप केलेली असतेच, मग आत आणखी वेगळी कशाला दाबायची, असा प्रश्न मला बरीच वर्षे पडायचा. डिस्कवरची जागा वाचते हे खरेच, २००१ साली तिला मोल होते. मोठा फायदा मात्र वाचण्याचा आहे. मजकूर म्हणून लिहिलेली प्रत्येक संख्या खेळाला अक्षर अक्षर वाचून तिची किंमत काढावी लागते. बायनरी नुसती उचलून मेमरीत ठेवता येते. लांब मार्गावर शेकडो शेप फाइली एकापाठोपाठ उघडायच्या असतात, तेव्हा हा फरक जाणवतो. याच्याच जोरावर एक समज पसरला आहे: फाइली मोकळ्या ठेवल्या की गाडी अडखळत चालते. त्यात तथ्य नाही. एकदा मेमरीत चढल्यावर दाबलेली आणि मोकळी फाइल यांत काही भेद उरत नाही, तेवढेच त्रिकोण, तेवढेच बिंदू. पडद्यावर गाडी अडखळत असेल तर दोष त्रिकोणांच्या गर्दीचा असतो, किंवा लांबून दिसणाऱ्या डब्यासाठीही बनवणाऱ्याने जवळचाच तपशील वापरल्याचा. तो दोषही मोकळी फाइल उघडूनच सापडतो. ‘डीलेव्हल-सिलेक्शन’ या शब्दापुढे किती मीटरपर्यंत हा तपशील दाखवायचा ते लिहिलेले असते. भारतीय डब्यांच्या कित्येक मॉडेलांत तिथे एकच टप्पा असतो आणि त्यापुढे २०००. दोन किलोमीटरवरच्या डब्याची दारे आणि हँडल पाहायची असतील तर गोष्ट वेगळी.

दाबताना काय हरवते? झेडलिब काहीच हरवत नाही, दिले तसे अक्षरशः परत करते आणि शेवटी बेरीज जुळवूनही बघते. पण आधीच्या बायनरीच्या टप्प्यावर मजकुराची मांडणी जाते. कुणी स्वतःला वाचायला सोपे जावे म्हणून सोडलेल्या मोकळ्या ओळी, आत सरकवलेले कंस, हे पुन्हा उघडल्यावर तसे दिसत नाहीत. संख्याही चार बाइटांत मावेल तेवढ्याच बारकाईने परत येतात. इंजिनाला त्याने काही होत नाही.

खरे हरवते ते त्याच्याही आधी. हे मॉडेल घडले कुठे? बहुधा जीमॅक्समध्ये किंवा ट्रेन सिम मॉडेलरमध्ये. जीमॅक्स फुकट मिळत असे. २००५ मध्ये ते बंद करण्यात आले. बनवणारा त्यात बोगी वेगळी करायचा, चाक एकदा बनवून सहा वेळा मांडायचा, मनासारखे झाले नाही की मागे जाऊन सुधारायचा. त्यातून शेप फाइल बाहेर पडली की हा सगळा कच्चा हिशेब मागे राहतो. आपल्या हाती येतात ते नुसते त्रिकोण. अनकॉम्प्रेस करणारे अवजार दाबलेले मोकळे करू शकते, पण बनवणाऱ्याच्या डोक्यातले बाहेर काढू शकत नाही. त्याच्या संगणकाची डिस्क गेली, त्याचा नाद सुटला, तो परदेशी गेला, की मूळ फाइल संपली. मग जगात उरते ती एवढीच शेप फाइल.

म्हणून उघडण्यावरून भांडणेही होतात. फुकट वाटलेल्या मॉडेलाबरोबर एक रीडमी असते. तीत लिहिलेले असते: विकू नका, विचारल्याशिवाय पुन्हा वाटू नका, रंग बदलून दिलात तर मूळ माणसाचे नाव ठेवा. साध्या तीन अटी, पण त्या पाळणारे थोडे. कुणी डब्याची फाइल उघडतो, टेक्स्चरचे नाव बदलतो, पुन्हा दाबतो आणि ‘नवीन मॉडेल’ म्हणून स्वतःच्या नावावर खपवतो. कुणी फुकटात मिळालेला सगळा ऐवज सीडीवर भरून विकतो. दाबलेल्या फाइलीत कुणाची सही नसते आणि मोकळ्या फाइलीतली सही पुसायला क्षण लागत नाही. यावर चिडून काहींनी आपली मॉडेले देणेच बंद केले. त्यांचा राग मी समजू शकतो. महिनोन्‌महिने डोळे ताणून ज्याने बोल्ट न् बोल्ट मांडला, त्याला ‘उघडता येते म्हणून उघडले’ हे उत्तर पुरणार नाही. पण फाइली कायमच्या कुलपात गेल्या असत्या तर माझ्यासारख्यांना बोगी म्हणजे काय हेही कळले नसते, आणि चोरी करणाऱ्यांना कुलपाने कधी अडवले आहे असेही नाही.

दुसऱ्या सिम्युलेटरांनी आपापल्या परीने यावर वाटा काढल्या. जपानमधून सुरू झालेल्या बीव्हीई परंपरेतल्या ओपनबीव्हीईत वस्तूंची फाइल साधा मजकूरच असू शकते. ‘ॲडव्हर्टेक्स’ आणि तीन आकडे, उघडायला अवजार लागत नाही. २००७ मध्ये कुजूनेच केलेला रेल सिम्युलेटर पुढे रेलवर्क्स झाला आणि नंतर ट्रेन सिम्युलेटर याच नावाने विकला गेला. त्यात बिन जातीच्या फाइली असतात आणि त्या वाचता येतील अशा करणारी सर्झ नावाची छोटी एक्झी खेळाबरोबरच मिळते. इंजिनाची ताकद, ब्रेक, आवाज असे बरेच काही तिने मोकळे होते. आकाराची फाइल मात्र वेगळ्या जातीची असते. म्हणजे इंजिन कसे धावते ते सहज वाचता येते, कसे दिसते ते तितके सहज नाही. माझ्या चाकांच्या प्रकरणात तिथे माझा निभाव लागला नसता.

मायक्रोसॉफ्टच्या खेळाचा दुसरा भाग दोनदा काढायचा ठरला आणि दोन्ही वेळा बारगळला. दुसऱ्या खेपेला, २००९ मध्ये, तो करणारा स्टुडिओच बंद झाला. मूळ खेळ नव्या संगणकांवर रडतखडत चालू लागला. त्याचा शेवट तिथेच व्हायचा. झाला नाही, कारण त्याच्या फाइली कशा वाचायच्या हे तोवर जगजाहीर झाले होते. त्या माहितीवर काही प्रोग्रॅमर मंडळींनी ओपन रेल्स हा नवा, फुकट आणि खुला सिम्युलेटर उभा केला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. तो जुनी इंजिने जशीच्या तशी चालवतो. पहिल्या आठ अक्षरांत एफ आहे की @, ते बघतो, दाबलेली असेल तर वाचताना स्वतःच मोकळी करून घेतो. आज भोर घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ, मागून रेटा देणारे बँकर आणि आपण केबिनमध्ये, असे दृश्य ज्यांच्या संगणकावर चालते, त्यांपैकी बऱ्याच जणांकडे ते ओपन रेल्सवर चालते.

आता हे सगळे कशासाठी, तर एका कामासाठी. मुंबईची विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर १५०० व्होल्टच्या डीसीवर धावली आणि २०१६ मध्ये डीसी संपली तीही हार्बरवरच. त्या विजेवर चाललेली इंजिने आणि लोकल आता जवळपास दिसेनाशी झाली आहेत. वाराणसीची डब्ल्यूडीएम-२ ही हळूहळू त्याच वाटेने गेली. ज्यांनी ती खेळात उतरवली, त्यांच्या शेप फाइली कुठल्यातरी पिवळ्या पडलेल्या सीडीवर, बंद पडलेल्या संगणकात, माळ्यावरच्या डब्यात आहेत. तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर वाचतेय तोवर ती नव्या डिस्कवर घ्या. शेप फाइल दाबलेली ठेवा आणि एक प्रत अनकॉम्प्रेस करूनही ठेवा, टेक्स्चर आणि रीडमीसकट. जीमॅक्सची मूळ फाइल सापडली तर तीही. आणि पुढे कुणाला देताना बनवणाऱ्याचे नाव काढू नका.